निळ्या पिंपाचं पाणी

“काकू, आज तुझं मौन आहे ते बरंच झालं,” विशू माझ्या कानाशी वाकून म्हणाला.

मी जोगेश्वरीच्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभी होते. डाव्या हातात तांब्याचा गडू, उजव्या हातात पळी, समोर तीर्थासाठी आलेली माणसं. विशू म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. मिरजेहून मोटारसायकलीवरून आला होता. चपला बाहेर काढल्या होत्या, पण पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. आधी शेडवर जाऊन आलाय, हे मला त्या चिखलावरूनच कळलं. तसला काळा चिखल वाडीत फक्त आमच्या शेडच्या मागं होतो.

“पिंप रिकामं आहे,” तो आणखी हळू बोलला. “पण एवढी मोठी बारव, काकू. तेवढ्याशा पाण्यानं काय होतंय? गुरुवारी मंडळाचे साहेब येऊन जाऊ देत. मग मी स्वतः बारव उपसून घेतो. देवीसमोर उभा राहून सांगतो तुला.”

मग तो सरळ झाला आणि बाकीच्यांसारखा उजवा तळहात माझ्यापुढं धरला.

त्या तळहातावर काय झालं ते सांगायचं तर आदल्या दिवसापासून सांगायला हवं. त्याच्याही आधीचं थोडं.

आमची वाडी मिरजेपासून तासाभरावर, माळाच्या उतारावर. वर माळाला विशूची शेड, मधे वीस-पंचवीस घरं, खाली बारव आणि बारवेच्या काठी जोगेश्वरी. विशू इंजिनिअर झाला, पुण्याला विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं राहिला आणि एक दिवस नोकरी सोडून घरी आला. अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, दोन दिवस ताटाला हात लावला नाही.

“भंगार गोळा करायला शिकवलं व्हय रे तुला?”

“भंगार नाही गं आई. स्कूटर ओढत नाही म्हणजे बॅटरी मेली असं नसतं. शंभर सेलांतले दहा गेलेले असतात, नव्वद धडधाकट असतात. ते काढायचे, फवारणीच्या पंपाला लावायचे, दिव्यांना लावायचे. आणखी पाच-सात वर्षं जातात.”

“आणि ते दहा?”

“ते मोठ्या कारखान्याला द्यायचे. तिथं त्यातनं धातू काढून घेतात. आई, आत्ता दारोदार या गाड्या यायला लागल्यात. दहा वर्षांनी दारोदार मेलेल्या बॅटऱ्या असतील. लोक ओढ्यात टाकतील बघ त्या. कुणीतरी आधी शिकून ठेवायला नको?”

अक्कांना ते पटलं नाही. मला पटलं. माझे यजमान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पोटी मूल नव्हतं, आणि विशूला मी अंगाखांद्यावर वाढवला होता. तो रात्रंदिवस त्या डब्यांत डोकं घालून बसायचा ते बघून मला वाटे, हीही एक सेवाच आहे. वापरून टाकलेल्यातलं चांगलं शोधायचं.

“काकू, तू लाख वाती वळल्यास,” तो मला म्हणाला होता. “बारीक कामाला तुझ्यासारखी बोटं मला कुठं मिळणार?” आणि मीटर माझ्या हातात दिला.

काम सोपं होतं पण लक्ष हवं. बॅटरीचा डबा उघडला की आत बोटाएवढे सेल ओळीनं बसवलेले असत. मीटरच्या दोन सुया दोन टोकांना लावायच्या, आकडा बघायचा. आकडा साडेतीनच्या वर असला तर सेल हिरव्या क्रेटमध्ये, त्याखाली अडीचपर्यंत पिवळ्या, त्याच्याही खाली गेला तर लाल. आम्ही अकरा जणी होतो. मी सेल उचलताना मनात नाम घेत असे. शेजारी बसणारी हौसाबाई मला चिडवायची, “काकी जप करत्यात का सेल मोजत्यात, कायबी कळंना बाई.”

“दोन्ही,” मी म्हणायची.

“मग आमच्या वाटचाबी करा थोडा. आमचं त्वांड दिवसभर दुसऱ्याच कामात असतंय.”

लाल क्रेटमधले सेल मागच्या बाजूच्या निळ्या पिंपात जात. त्यांच्यात थोडी धग उरलेली असते, तसेच ठेवले तर पेटतात, म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. ते पाणी हळूहळू चहासारखं तांबूस व्हायचं. त्याला पिकल्या फळासारखा गोड वास यायचा. गोड, पण घशात टोचणारा. विशूनं आम्हा सगळ्यांना बजावलं होतं, या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. दर दोन महिन्यांनी कारखान्याचा टँकर येऊन ते घेऊन जाई. त्या आषाढात पुलाजवळचा रस्ता वाहून गेला होता आणि टँकर आला नव्हता. पिंप काठोकाठ भरलं होतं. पिंपाला सिमेंटचा कट्टा करायचा, खालच्या कॉकला कुलूप घालायचं, हे विशू वैशाखापासून म्हणत होता. “पाऊस उघडला की पहिलं ते काम.”

प्रदूषण मंडळाचा परवाना व्हायचा होता. गुरुवारी साहेब बघायला येणार होते. परवाना झाला असता तर शेड दुप्पट होणार होती.

आता माझ्या नेमाचं. दर चातुर्मासात मी पहाटे उठल्यापासून देवीची पूजा होऊन तीर्थ वाटेपर्यंत मौन धरते. आमच्या वाडीत श्रावणाच्या पहिल्या दिवशी जोगेश्वरीला बारवेच्या पाण्यानं न्हाऊ घालतात, आणि त्या दिवशीचं तीर्थ मौन धरलेल्या बाईनंच द्यायचं असतं. जे तोंड दिवसात अजून उघडलं नाही, ते खोटं बोललेलं नसतं, असं जुनी माणसं म्हणत. नऊ वर्षं तो मान माझ्याकडं होता.

त्या वर्षी दिव्याच्या अवसेला सूर्यग्रहण आलं. दुपार कलल्यावर लागलं आणि मावळतीच्या सुमाराला सुटलं. शेडला सुट्टी होती, विशू कागदपत्रांसाठी मिरजेला मुक्कामाला गेला होता. ग्रहण सुटल्यावर मी आंघोळ केली, घरातली घागर, कळशी, न्हाणीतला हंडा, माठ, सगळं ओतलं, घासलं, नळाचं नवं पाणी भरलं. ग्रहणातलं साठवणीचं पाणी ठेवायचं नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. दिवे लावायला बसणार तेवढ्यात शेडमधला माठ आठवला. उद्या अकरा बायका त्यातलंच पाणी पिणार.

हौसाबाईचं घर शेडला लागून. चावी तिच्याकडंच असायची. मी परसात जाऊन हाक मारली. ती चढावरून खाली बघत म्हणाली, “वो काकी?”

“शेडमधलं पाणी ओतलंस का गं?”

“न्हाई की. कंचं?”

“ग्रहणातलं गं. साठवणीचं सगळं ओतून टाक आणि धुऊन घे. थेंबभरसुद्धा ठेवू नकोस.”

“सगळं?”

“सगळं,” मी म्हणाले आणि दिव्यांकडं वळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बारवेत उतरले तेव्हा नीट उजाडलं नव्हतं. पायऱ्या ओल्या होत्या, पाणी वरच्या कोनाड्यापर्यंत आलेलं. गडू बुडवताना गोडसर वास आला. देवीच्या वेणीतला केवडा कुणीतरी बारवेत टाकला असेल, असं वाटलं. खरंच तसं वाटलं. तेवढं तरी खरं आहे.

पूजा झाली. देवीला न्हाऊ घातलं, तीर्थाचा गडू भरून मी उंबऱ्यापाशी आले. सभामंडपात पन्नासेक माणसं असतील. सगळ्यांची तोंडं देवीकडं, म्हणजे माझ्याकडं. एकटी मीच दाराकडं तोंड करून उभी होते. पलीकडं अंगण आणि पायऱ्या.

शिवराम गुरव बाजूला घंटा पुसत म्हणाले, “वैनी, मघाशी बारवेत डोकावलो. चार मासोळ्या पांढरं पोट वर करून तरंगत होत्या. ग्रहणाचा दोष बघा किती असतो.”

मी मान हलवली.

तेवढ्यात हौसाबाई पुढं आली. मागं तिची लेक कोमल. तिला आठवा लागला होता, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. हौसाबाई माझ्याजवळ येऊन अभिमानानं कुजबुजली, “काकी, समदं ओतलं बघा. माठ, बादल्या, त्ये निळं पिंपसुद्धा. दादा हात लावू नगा म्हनलं हुतं, पर तुम्ही सगळं म्हनलासा आनि गिरानाचं पानी ठिवायचं कसं? कॉक लय घट्ट हुता. निम्मं संपस्तोवर आंधार पडला.”

तिला वाटलं मी हसून मान डोलावीन. मी तिच्याकडं नुसती बघत राहिले. शेडच्या मागून पावसाचा ओघळ निघतो, तो घरांच्या कडेनं खाली येतो आणि बारवेच्या उगवतीच्या भिंतीशी आत पडतो. लहानपणी विशू त्यात कागदाच्या होड्या सोडायचा.

गुरवांनी हात पुढं केला. पहिला मान त्यांचा. मी पळी भरली. माझं मन म्हणालं, इतक्या पावसात ते पाणी इथवर येतानाच जिरलं असेल. पळी रिकामी झाली. गुरवांनी तीर्थ तोंडाला लावलं, हात डोक्यावरून फिरवला.

मग अक्का. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरत. “घाल गं,” त्या म्हणाल्या. मी घातलं. त्यांनी डोळे मिटून घेतलं आणि ओला हात कपाळाला लावला. त्यांचा हात कपाळावर असतानाच मला पायऱ्यांवर विशू दिसला, दोन-दोन पायऱ्या चढत येताना. मंडपात आला, माणसांतून वाट काढत खांबाशी आला, आईकडं बघितलं, तिचं ओलं कपाळ बघितलं, मग माझ्याकडं आला आणि वाकून ते बोलला.

आणि हात पुढं धरला.

त्याच्या तळहातावर सोल्डरिंगचे दोन जुने डाग आहेत. मी त्या डागांकडं बघत होते. तो माझ्याकडं बघत होता. पळी गडूत बुडली, वर आली. किती वेळ ती तशी अधांतरी होती मला सांगता येणार नाही. मग मी ती त्याच्या हातावर वाकडी केली. त्याचा चेहरा जरा हलला. त्यानं एका दमात घेतलं.

घेऊन झाल्यावर तो बाजूला सरकला. मागं कोमल होती. तिला पुढं यायला त्यानं जागा करून दिली आणि मान दुसरीकडं फिरवली.

“घे गं कोमल,” हौसाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. “दोन पळ्या द्या काकी. एक तिची, एक बाळाची. लागू दे बाळाला देवीचं पानी.”

कोमलनं पदर सावरला आणि ओंजळ पुढं केली. दोन जीवांची म्हणून दोन्ही हातांची ओंजळ.

“घेऊ नकोस,” मी म्हणाले.

दिवसातला पहिला शब्द म्हणून आवाज घोगरा फुटला. कोमलला कळलंच नाही कोण बोललं. तिनं आधी आईकडं बघितलं.

“आगं बया!” हौसाबाईनं तोंडावर हात ठेवला. “काकी! मौन मोडलं की तुमचं!”

मंडपात कुजबुज झाली. गुरव पुढं आले. “वैनी, काय केलंत हे? अजून सगळी वाडी राहिलीय.”

“पाणी चांगलं नाही,” मी म्हणाले. “शेडच्या पिंपातलं पाणी बारवेत उतरलंय. मासे त्यानंच मेले. कुणी घेऊ नका. जनावरंही आज बारवेवर नेऊ नका.”

“पिंपातलं? कुणी सोडलं?”

हौसाबाईचा चेहरा माझ्यापुढंच होता. तिला अजून नीट उमगलं नव्हतं, पण उमगायला लागलं होतं. पदराचं टोक तिनं दातांत धरलं.

“मी सोडायला लावलं,” मी म्हणाले. “ग्रहणाचं म्हणून. चूक माझी.”

“काकी, म्हंजी म्या...”

“तू नाही. मी सांगितलं तेच केलंस तू.”

इथवर मी नीट होते. मग अक्का बोलल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत. उजवा हात जरा लांब धरून, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे असा, त्यांनी विचारलं, “तुला कधी कळलं गं हे?”

पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती.

“आत्ताच,” मी म्हणाले. “विशूनं कानात सांगितलं तेव्हा.”

हौसाबाईनं माझ्याकडं बघितलं. ती कधीच माझ्या शब्दावर दुसरा शब्द ठेवत नसे.

अक्का विशूकडं वळल्या. तो खांबाशी उभा होता. “तुला ठाऊक होतं? आणि तू इथं उभा होतास?”

“आई, मी आत्ता आलो. तू घेतल्यावर...”

“खांबाशी होतास. मी मागं वळले तेव्हा तू खांबाशी होतास.”

विशूनं माझ्याकडं बघितलं. पायऱ्यांकडं तोंड असलेली मी एकटीच होते. मी गडूत बघत राहिले.

साहेब गुरुवारी यायचे ते दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी बारवेचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, शेडला टाळं लावलं. महिन्यानं कागद आला, ‘पिण्यास अयोग्य’. बारव तीनदा उपसली. वर्षभर तिच्या तोंडाशी तारेचं कुंपण होतं. गुरवांचं पोट दोन दिवस बिघडलं आणि बरं झालं. अक्कांना आणि विशूला तेव्हा काही झालं नाही. कोमलला मुलगी झाली, सुखरूप. आता शाळेत जाते.

बाकीच्या दहाजणी पुन्हा द्राक्षबागांत कामाला गेल्या. त्यांतल्या दोघी माझ्याशी पुढं कधी बोलल्या नाहीत. वाडीतल्या लोकांनी विशूच्या तोंडावर काही म्हटलं नाही, पण त्याच्याकडून कुणी पंपाची बॅटरी घेईना. गणपतीच्या आधी तो पुण्याला निघून गेला. शेड बंद झाली म्हणून जुन्या बॅटऱ्या थांबल्या नाहीत. आधी लोक त्या विशूकडं आणून देत. आता त्या ओढ्याच्या पुलाखाली दिसू लागल्या, फुगलेल्या, फुटलेल्या. एकदा तिथं गवत पेटलं. मी दोनदा ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं. “बघू,” म्हणाले.

अक्का आणि मी सात वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला. त्या रोज काही म्हणत नसत. पण पुण्याहून विशूचा फोन आला की कानाला लावत, “बरी आहे” म्हणत आणि माझ्या हातात देत. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाचं काही वाटत नाही गं. पोटचा पोरगा मला ते पाणी पिताना बघत उभा राहिला.”

तव्यावरची भाकरी उलटायला झाली होती. मी ती उलटली.

शेवटच्या दुखण्यात तो आला, रजा काढून पंधरा दिवस राहिला. त्यांचं सगळं केलं. त्या त्याच्या हातचं पाणी पीत, पण आधी पेला उजेडाकडं धरून बघत. दर वेळी.

अक्का गेल्या त्याला चार वर्षं झाली.

यंदाच्या माघात विशू एक दिवसासाठी वाडीत आला. आता तो पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात आहे. तिथं गाड्यांच्या बॅटऱ्या दळून त्यातनं धातू काढतात. पाण्याचा थेंब बाहेर जात नाही म्हणाला, तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात. केस पांढरे झालेत त्याचे. चहा घेऊन आम्ही सोप्यात बसलो. रस्त्यावरून दोन स्कूटर गेल्या, आवाज न करता. तो त्या वळणापर्यंत बघत राहिला.

“वर हौसाताई भेटली,” तो म्हणाला.

“बरी आहे का? गुडघे दुखतात तिचे.”

“बरी आहे. रडली. म्हणाली, दादा, तुमची शेड माझ्यामुळं गेली. मी म्हटलं, कॉकला कुलूप मी घातलं नव्हतं, तू कशाला रडतेस. मग बोलता बोलता म्हणाली, ‘काकींना म्या तितंच सांगितलं हुतं, तीर्थ वाटायच्या आधीच.’”

मी चहाची बशी खाली ठेवली.

“खरं आहे का, काकू?”

“हो.”

“मग माझ्या हातावर ओतलंस तेव्हा तुला ठाऊक होतंच. ते मला ठाऊक आहे, मीच सांगितलं होतं. तुला सांगू, मी हात का पुढं केला? मला खात्री होती तू ओतणार नाहीस. तू पळी गडूत परत टाकशील, लोक विचारतील, आणि मला माझ्या तोंडानं सांगावं लागणार नाही.”

“मला वाटत होतं तू हात मागं घेशील,” मी म्हणाले.

तो हसला, म्हणजे नुसता श्वास सोडला. “आपण दोघं तसले. मी तर कोमललाही जागा करून दिली. ते मला झोपेत दिसतं. तू बोललीस म्हणून मी माणसांत राहिलो, हे मी माझ्या बायकोलाही सांगितलंय.” कपातली साय त्यानं बोटानं काढून बशीच्या कडेला लावली. “पण आई, काकू. आईला दिलंस तेव्हा मी पायऱ्यांवर होतो.”

“हो.”

“तू बघितलं होतंस.”

“बघितलं होतं.”

“सात वर्षं होतीस तिच्याजवळ.”

मी रोज पहाटे उठून ठरवत असे, आज अक्कांना सांगीन. मौन सुटेपर्यंत वाट बघायची, मग सांगायचं. मौन सुटे, चूल पेटे, अक्का विळीवर भाजी घेऊन बसत, आणि मला दिसे, मी ते वाक्य बोलले की त्या विळीवरून मान वर करून विचारणार: मग तुला कधी कळलं होतं गं?

“तू नंतर आलास,” मी म्हणाले. “अक्कांचं तीर्थ घेऊन झालं होतं. तू पायऱ्यांवर होतास. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

“मला माहीत आहे, काकू,” विशू म्हणाला. “मला कशाला सांगतेस?”

मी ते पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्यानं. घरात आम्ही दोघंच होतो.